नोंदीतील वेळ आणि घड्याळातील बदल

शासकीय कामकाजात एखादी घटना केव्हा घडली हा प्रश्न ती घटना कोणती या प्रश्नाइतकाच महत्त्वाचा असतो. निविदा मुदतीत आली किंवा नाही, पुराचा इशारा नदीकाठच्या गावांना किती वाजता मिळाला, दूरध्वनी आल्यानंतर अग्निशामक बंब किती मिनिटांनी निघाला, या प्रश्नांची उत्तरे अखेर कोठल्या तरी नोंदीतील वेळेवर अवलंबून असतात. पूर्वी ही वेळ लिपिक भिंतीवरील घड्याळ पाहून आवक नोंदवहीत लिहीत असे. आज बहुतेक ठिकाणी ती संगणक आपोआप लिहितो. संगणकात घडणाऱ्या प्रत्येक लहानमोठ्या घटनेची ओळ ज्या फाईलमध्ये जमा होते, तिला लॉग फाईल म्हणतात, आणि प्रत्येक ओळीच्या आरंभी जी वेळ असते तिला कालनोंद म्हणता येईल.

कालनोंद सेकंदापर्यंत, कित्येकदा सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत दिलेली असते. त्यामुळे ती बिनचूक असणारच, असा समज होतो. परंतु वेळ बारकाईने लिहिणे वेगळे आणि ती बरोबर असणे वेगळे. अठरा मिनिटे पुढे असलेले घड्याळही सेकंदाचा हजारावा भाग तितक्याच ठामपणे लिहीत राहते. अशा चुका कशा उद्भवतात, त्या कशा ओळखाव्यात आणि मूळ नोंदीला धक्का न लावता खरी वेळ कशी निश्चित करावी, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

१. प्रमाण वेळ : एक मान्य केलेला संकेत

नव्या भोपाळमधील शिवाजी नगर ही वसाहत सुमारे ७७ अंश २४ मिनिटे पूर्व रेखांशावर आहे. भारतीय प्रमाण वेळ ८२ अंश ३० मिनिटे पूर्व या रेखांशावरून ठरविण्यात आली आहे. दोहोंत सुमारे पाच अंशांचे अंतर आहे, आणि एक अंश फिरण्यास पृथ्वीला चार मिनिटे लागतात. म्हणून शिवाजी नगरात सूर्य डोक्यावर येतो तेव्हा घड्याळात सरासरीने १२ वाजून २० मिनिटे झालेली असतात. नागपुरात हे अंतर सुमारे १४ मिनिटांचे, तर मुंबईत ३९ मिनिटांचे आहे. सूर्याची वेळ प्रत्येक गावाची निराळी असते. घड्याळाची वेळ मात्र सर्वांनी मिळून मान्य केलेला एक संकेत आहे, आणि संकेत बदलला की तीच घटना निराळ्या आकड्याने लिहिली जाते.

महाराष्ट्राला याचा अनुभव आहे. १ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाण वेळ अमलात आली, तरी मुंबई शहराने ती मनापासून स्वीकारली नाही. शहराची स्वतःची मुंबई वेळ, प्रमाण वेळेपेक्षा ३९ मिनिटे मागे असलेली, १९५५ पर्यंत टिकून राहिली. त्यामुळे त्या काळातील एखाद्या कागदावर सकाळी १० वाजता असे लिहिलेले असेल, तर ते मुंबई वेळेचे १० की प्रमाण वेळेचे, हे ठरविल्याखेरीज त्या कागदाचा दुसऱ्या कागदाशी मेळ घालता येत नाही.

दुसरे उदाहरण महायुद्धाच्या काळातील आहे. १ सप्टेंबर १९४२ ते १५ ऑक्टोबर १९४५ या अवधीत भारतातील घड्याळे एक तास पुढे करण्यात आली होती. या काळात जन्मलेल्या व्यक्तीची पत्रिका मांडताना जाणकार ज्योतिषी जन्मवेळेतून एक तास वजा करून घेतात. नोंदीतील आकडा न खोडता, त्या दिवशी घड्याळ कसे चालले होते हे ध्यानात घेऊन वेळ काढावयाची, ही रीत कालनोंदीच्या तपासातही तंतोतंत लागू पडते. संगणकांत कालक्षेत्रांच्या नियमांचे जे कोष्टक असते, त्यात एशिया/कोलकाता या नावाखाली युद्धकाळातील हा वाढीव तासही नोंदलेला आहे. जुने अभिलेख संगणकावर चढविताना त्या वर्षांच्या वेळा एका तासाने सरकलेल्या दिसल्यास कारण येथे शोधावे.

२. तारखेची सीमा

जगातील नोंदींचा मेळ बसावा म्हणून समन्वित जागतिक वेळ वापरली जाते. तिला संक्षेपाने यूटीसी म्हणतात. भारतीय प्रमाण वेळ तिच्यापेक्षा ५ तास ३० मिनिटांनी पुढे आहे. म्हणून आपल्याकडे मध्यरात्रीपासून पहाटे साडेपाचपर्यंत घडणारी प्रत्येक घटना जागतिक नोंदीत आदल्या तारखेस पडते.

कोयनानगरचा विनाशकारी भूकंप ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी झाला. जागतिक वेळेनुसार तेव्हा १० डिसेंबरच्या रात्रीचे १० वाजून ५१ मिनिटे झाली होती. त्यामुळे भूकंपांच्या आंतरराष्ट्रीय सूचींमध्ये हा भूकंप १० डिसेंबरचा म्हणून आढळतो. यात चूक कोणाचीच नाही. मात्र दोन्ही सूची एकत्र करणाऱ्याने ही बाब ध्यानात घेतली नाही, तर एका भूकंपाचे दोन भूकंप होतात.

भोपाळच्या वायुदुर्घटनेची रात्र २ व ३ डिसेंबर १९८४ अशी जोडतारखेने लिहिली जाते, त्याचे कारणही हेच. रात्रपाळी एका तारखेस सुरू झाली आणि विषारी वायूची मोठी गळती मध्यरात्रीनंतर, दुसऱ्या तारखेस झाली. रात्री साडेबाराची घटना भारतीय वेळेनुसार ३ डिसेंबरची, तर जागतिक वेळेनुसार २ डिसेंबरच्या १९:०० ची ठरते. अशा प्रसंगाच्या तपासात मिनिटामिनिटाचा क्रम लावावा लागतो. ज्या नोंदवहीत पाळी सुरू झाल्याची तारीखच पुढे चालू ठेवलेली असते, तेथे १२:३० ही वेळ वाचणाऱ्यास फसवू शकते.

पर्जन्याच्या नोंदीतही अशीच सीमा आहे. हवामान विभागाचा पर्जन्यदिन सकाळी ८:३० ला, म्हणजे जागतिक वेळेच्या ०३:०० ला संपतो. मुंबईत सांताक्रूझ येथे २६ जुलै २००५ रोजी कोसळलेला ९४४ मिलिमीटर पाऊस २७ जुलैच्या सकाळी साडेआठपर्यंतच्या २४ तासांचा म्हणून नोंदला गेला. लोकांच्या स्मरणात २६ तारीख आहे, तक्त्यात २७. सेवायोजन, विमा किंवा नुकसानभरपाई यांचे कागद अशा तक्त्याशी ताडून पाहताना हा फरक ठाऊक नसेल, तर खरा अर्जदार खोटा ठरण्याचा संभव असतो.

३. संगणकाचे घड्याळ

संगणकात वस्तुतः दोन घड्याळे असतात. एक यंत्राच्या मुख्य पट्टीवरील. त्याला नाण्याएवढ्या सेलमधून वीज मिळते, त्यामुळे संगणक बंद असतानाही ते चालू राहते. दुसरे कार्यप्रणालीचे. संगणक सुरू होताना ते पहिल्या घड्याळावरून वेळ घेते आणि पुढे स्वतंत्रपणे चालते.

ही घड्याळे क्वार्ट्झ स्फटिकाच्या कंपनांवर चालतात. दहा लाखांत वीस इतकी किरकोळ चूक असली, तरी दिवसाला पावणेदोन सेकंदांचा आणि महिन्याला सुमारे ५२ सेकंदांचा फरक पडतो. म्हणून संगणक जाळ्यावरील एखाद्या वेळ सर्व्हरला ठराविक अंतराने वेळ विचारतो आणि आपले घड्याळ दुरुस्त करून घेतो. या व्यवस्थेस एनटीपी असे संक्षिप्त नाव आहे. भारतीय प्रमाण वेळ राखण्याचे काम नवी दिल्ली येथील राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा करते.

दुरुस्तीचे प्रकार दोन. फरक थोडा असल्यास घड्याळ किंचित जलद किंवा मंद चालवून तो हळूहळू भरून काढला जातो. यात कालनोंदींचा क्रम बिघडत नाही, पण वेळ फार लागतो. नेहमीच्या मर्यादेत एका सेकंदाचा फरक भरून निघण्यास सुमारे ३३ मिनिटे लागतात. एका मिनिटासाठी ३३ तास हवेत. फरक मोठा असल्यास घड्याळ एकदम उडी घेते. पुढे उडी घेतल्यास नोंदीत रिकामी जागा पडते. मागे उडी घेतल्यास तीच मिनिटे दुसऱ्यांदा येतात, आणि नंतरची घटना आधीची दिसू लागते. तपासात सर्वांत अधिक घोटाळा या मागच्या उडीने होतो.

४. नेहमी आढळणारे दोष

दोषाचे स्वरूप पाहून कारणाचा अंदाज बांधता येतो. पुढील लक्षणे वारंवार आढळतात.

(अ) फरक बरोबर ५ तास ३० मिनिटांचा असणे. घड्याळ बिघडलेले नाही. एक नोंद जागतिक वेळेत आणि दुसरी भारतीय वेळेत आहे, एवढाच याचा अर्थ. एकाच यंत्रावर विंडोज आणि लिनक्स या दोन्ही कार्यप्रणाली असतील, तरीही हा दोष उद्भवतो. विंडोज यंत्रातील घड्याळाची वेळ स्थानिक समजते, तर लिनक्स बहुधा ती जागतिक समजते.

(आ) तारीख १ जानेवारी १९७० आणि वेळ पहाटे ५:३० दिसणे. अनेक संगणक त्या दिवसाच्या जागतिक शून्य वाजल्यापासून सेकंद मोजतात. वेळच मिळाली नाही, की शून्य सेकंद ही संख्या भारतीय वेळेत पहाटे साडेपाच म्हणून छापली जाते. अशा ओळीत कालनोंद आहे असे न समजता कालनोंद नाही असेच समजावे. संगणक प्रत्येक वेळी सुरू करताना एखादी जुनी तारीख दिसत असेल, तर यंत्रातील सेल संपला आहे.

(इ) फरक दररोज थोडा थोडा वाढणे. एनटीपीची जोडणी तुटली असून घड्याळ आपल्या गतीने भरकटत आहे. जाळ्याच्या संरक्षक भिंतीने वेळ विचारण्याचा मार्ग अडविला असल्यास असे घडते, आणि महिनोन्महिने कोणाच्या ध्यानात येत नाही.

(ई) वर्षातून दोनदा एका तासाचा फरक पडणे. भारतात उन्हाळी वेळ पाळली जात नाही. परंतु सर्व्हर परदेशी असल्यास तेथील बदल आपल्या नोंदीत उतरतो. न्यूयॉर्कशी आपला फरक उन्हाळ्यात साडेनऊ, तर हिवाळ्यात साडेदहा तासांचा असतो. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तेथे रात्री एक ते दोन हा तास दोनदा येतो, आणि मार्चच्या दुसऱ्या रविवारी दोन ते तीन हा तास मुळीच येत नाही. आय.एस.टी. ही तीन अक्षरे आयर्लंड व इस्राएल हे देशही आपापल्या वेळेसाठी वापरतात. म्हणून नोंदीत अक्षरांऐवजी +०५:३० असा स्पष्ट फरक लिहिणे श्रेयस्कर.

(उ) पेन ड्राईव्हवरून आणलेल्या फाईलची वेळ न जुळणे. पेन ड्राईव्हवर पुष्कळदा वापरली जाणारी फॅट ही जुनी पद्धती स्थानिक वेळ लिहिते, कोणत्या कालक्षेत्राची हे लिहीत नाही, आणि दोन सेकंदांपेक्षा बारीक फरक तिला ठेवता येत नाही.

(ऊ) क्वचित येणारा अधिक सेकंद. पृथ्वीच्या गतीशी मेळ राखण्यासाठी १९७२ पासून जागतिक वेळेत २७ वेळा एक सेकंद वाढविण्यात आला. ३१ डिसेंबर २०१६ च्या अखेरीस वाढविलेला सेकंद भारतात १ जानेवारी २०१७ रोजी पहाटे ५ वाजून २९ मिनिटे ६० सेकंद असा आला. ३० जून २०१२ चा अधिक सेकंद न पेलल्यामुळे जगातील अनेक लिनक्स सर्व्हर अडखळले होते.

५. एक उदाहरण

ऑगस्ट २०२० च्या अखेरीस मध्य प्रदेशातील अतिवृष्टी आणि तेथील धरणांतून सोडावे लागलेले पाणी यांमुळे वैनगंगेला मोठा पूर आला व भंडारा जिल्ह्यासह पूर्व विदर्भात मोठी हानी झाली. नदी दोन राज्यांतून वाहते, तेव्हा वरच्या राज्यातून खालच्या राज्यास पाठविलेल्या संदेशाची वेळ किती मोलाची असते, हे अशा प्रसंगी कळते. पुढील उदाहरण मात्र केवळ विवेचनासाठी कल्पिलेले आहे. कोणत्याही प्रत्यक्ष कार्यालयाशी किंवा पुराशी त्याचा संबंध नाही.

समजा, भोपाळच्या शिवाजी नगरातील एका कार्यालयातून रात्री धरणाचे दरवाजे उघडत असल्याचा संदेश महाराष्ट्रातील एका नियंत्रण कक्षास गेला. भोपाळच्या नोंदीत पाठविल्याची वेळ २१:३९ आहे. नियंत्रण कक्षाच्या संगणकातील पाच ओळी अनुक्रमांकानुसार अशा आहेत :

४१ : २१:५८ : संदेश प्राप्त
४२ : २२:१९ : अधिकाऱ्यांस दूरध्वनी
४३ : २२:३० : घड्याळ दुरुस्त, नवी वेळ २२:१२
४४ : २२:१६ : नदीकाठच्या गावांना सूचना रवाना
४५ : २२:२५ : सूचनेची पोच

दुसऱ्या दिवशी चौकशीसाठी कोणी या ओळी वेळेप्रमाणे लावून छापल्या, तर क्रम ४१, ४४, ४२, ४५, ४३ असा होतो. अधिकाऱ्यांना दूरध्वनी करण्यापूर्वीच गावांना सूचना गेली, असे चित्र दिसते. हा कक्षावर विनाआदेश कारवाईचा आरोप होऊ शकतो. त्याच कागदावरून आणखी एक निष्कर्ष निघतो. संदेश २१:३९ ला निघाला आणि २१:५८ ला पोहोचला, म्हणजे भोपाळकडून येण्यास १९ मिनिटे लागली. पुढे २२:१६ ला सूचना गेली, म्हणजे कक्षाने १८ मिनिटांत काम उरकले. दोष अर्थातच संदेश पाठविणाऱ्यांच्या माथी बसतो.

आता ४३ क्रमांकाची ओळ नीट वाचावी. तिच्यावरून घड्याळ १८ मिनिटे पुढे होते, हे कळते. हा फरक आधीच्या ओळींनाही लागू होता काय, हे स्वतंत्र पुराव्याने पाहिले पाहिजे. दूरध्वनी कंपनीच्या नोंदीत अधिकाऱ्यांना केलेला दूरध्वनी २२:०१ चा आढळला. २२:१९ मधून १८ वजा केल्यास हीच वेळ येते. म्हणून ४१ व ४२ या दोन्ही ओळींतून १८ मिनिटे वजा करणे सयुक्तिक ठरते. संदेश खरोखर २१:४० ला मिळाला, दूरध्वनी २२:०१ ला झाला आणि सूचना २२:१६ ला गेली.

वेळापत्रक पालटले. संदेश एका मिनिटात पोहोचला होता. तो मिळाल्यापासून सूचना जाईपर्यंत ३६ मिनिटे लागली, आणि त्यांपैकी २१ मिनिटे अधिकाऱ्यांना दूरध्वनी करण्यापूर्वीच गेली. विनाआदेश कारवाईचा आरोप पूर्णपणे खोटा ठरला, पण विलंब कोठे झाला तेही उघड झाले. पाणी सोडल्यापासून सूचनेपर्यंतचा एकूण काळ दोन्ही हिशेबांत ३७ मिनिटेच आहे. बदलली ती जबाबदारीची विभागणी. पुढील पावसाळ्यापूर्वी सुधारणा संदेशवहनात करावयाची की कक्षाच्या अंतर्गत कार्यपद्धतीत, याचा निर्णय या १८ मिनिटांवर अवलंबून आहे. चुकीच्या कागदावर विसंबले असते, तर नवी संदेशयंत्रणा घेतली गेली असती आणि गावांना मिळणारा अवधी एका मिनिटानेही वाढला नसता.

या उदाहरणात तपास शक्य झाला तो दोन गोष्टींमुळे. ओळींना अनुक्रमांक होते, आणि घड्याळ दुरुस्त केल्याची ओळ कोणी पुसली नव्हती.

६. तपासाची पद्धत

कालनोंदीत विसंगती आढळल्यास पुढील क्रमाने काम करावे.

(१) घड्याळ लगेच दुरुस्त करू नये. प्रथम मूळ लॉग फाईलची प्रत करून ती सुरक्षित ठेवावी. त्यानंतर यंत्रावरील वेळ आणि विश्वसनीय घड्याळावरील वेळ एकाच क्षणी पाहून दोन्ही लिहून ठेवाव्यात. दुरुस्तीच्या घाईत हा फरक कायमचा हरवतो, आणि तोच तपासाचा मुख्य आधार असतो.

(२) प्रत्येक नोंद कोणत्या कालक्षेत्रात आहे हे ठरवावे. यंत्राची, कार्यप्रणालीची आणि त्यावर चालणाऱ्या कार्यक्रमाची मांडणी वेगवेगळी असू शकते. एकाच यंत्रावरील दोन लॉग फाईली दोन वेळांत लिहिलेल्या असणे मुळीच दुर्मीळ नाही.

(३) ओळी वेळेनुसार न लावता ज्या क्रमाने लिहिल्या गेल्या त्या क्रमाने वाचाव्यात. वेळ मागे सरकते ती जागा आणि अकारण रिकामी पडलेली जागा यांवर खूण करावी. कामाच्या गर्दीच्या वेळी दहा मिनिटे एकही ओळ नसेल, तर घड्याळ पुढे उडाले असण्याचा किंवा यंत्र बंद पडले असण्याचा संभव आहे. यंत्र बंद पडले असल्यास ते पुन्हा सुरू झाल्याची ओळ सापडते.

(४) कार्यप्रणालीच्या स्वतःच्या लॉगमध्ये वेळ बदलल्याची नोंद शोधावी. वेळ कोणी बदलली, आपोआप की हाताने, जुनी वेळ कोणती व नवी कोणती, हे तेथे सहसा मिळते.

(५) त्याच घटनेचा बाहेरचा साक्षीदार शोधावा. पत्र पाठविणाऱ्या सर्व्हरची नोंद, दूरध्वनीची नोंद, बँकेचा व्यवहार, दारावरील हजेरी यंत्र यांपैकी काहीही चालेल. असे किमान दोन साक्षीदार, शक्यतो एक अवधीच्या आरंभीचा व एक अखेरचा, मिळवावेत. दोन्हींत फरक सारखाच आला, तर घड्याळ स्थिर होते. तो वाढत गेलेला दिसला, तर घड्याळ भरकटत होते, आणि मधल्या ओळींचा फरक प्रमाणाने काढावा लागतो.

(६) दुरुस्त केलेली वेळ निराळ्या रकान्यात लिहावी. मूळ वेळ, लावलेला फरक, त्याचे कारण आणि खरी वेळ असे चार रकाने पुरेसे होतात. मूळ फाईलीत एक अक्षरही बदलू नये.

शेवटची बाब नवी नाही. आवक नोंदवहीत चूक झाल्यास पान फाडू नये, खरवडू नये, मूळ आकडा वाचता येईल अशी एकच रेघ मारून शेजारी बरोबर आकडा लिहावा व दिनांकासह सही करावी, ही शिस्त दफ्तरात फार पूर्वीपासून आहे. लॉग फाईलीलाही तीच शिस्त लागू आहे.

७. दोष टाळण्यासाठी

उपाय फार खर्चाचे नाहीत. कार्यालयातील सर्व यंत्रांनी एकाच वेळ सर्व्हरकडून वेळ घ्यावी. संगणक सुरक्षेसंबंधी केंद्र शासनाच्या सर्ट-इन या संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार शासकीय संस्थांसह इतरांनीही आपली घड्याळे राष्ट्रीय सूचनाविज्ञान केंद्राच्या किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळ सर्व्हरशी, अथवा त्यांच्याशी जुळणाऱ्या सर्व्हरशी जोडावयाची आहेत, आणि लॉग १८० दिवस जपून ठेवावयाचे आहेत. कॅमेरे, हजेरी यंत्रे आणि दूरध्वनी यंत्रणा या कामात हमखास विसरल्या जातात. संगणकाचे घड्याळ बरोबर आणि दारावरील कॅमेऱ्याचे चूक, अशी स्थिती पुष्कळ कार्यालयांत आढळू शकते.

नोंद जागतिक वेळेत साठवावी आणि वाचकाला भारतीय वेळेत दाखवावी. प्रत्येक ओळीस अनुक्रमांक असावा. दोन घटनांमधील अवधी मोजावयाचा असल्यास कार्यक्रम लिहिणाऱ्यांनी भिंतीवरील वेळेऐवजी संगणकातील केवळ पुढेच जाणाऱ्या मोजणीचा उपयोग करावा. तिला घड्याळातील बदल बाधत नाही. महिन्यातून एकदा प्रत्येक यंत्राची वेळ ताडून पाहून फरक एका वहीत लिहून ठेवावा. पुढे वाद उपस्थित झाल्यास ही साधी वही फार उपयोगी पडते.

याला कायद्याचीही बाजू आहे. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम १३ मध्ये इलेक्ट्रॉनिक अभिलेख केव्हा पाठविला व केव्हा मिळाला असे समजावे, हे सांगितले आहे. ती वेळ प्रत्यक्षात सिद्ध होते ती सर्व्हरच्या लॉगवरूनच. जालना विधानसभा मतदारसंघाच्या २०१४ च्या निवडणुकीसंबंधीच्या वादात, नामनिर्देशनपत्र दुपारी ३ वाजण्याच्या मुदतीत दाखल झाले होते काय हा प्रश्न होता, आणि त्यासाठी निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांच्या कार्यालयातील चित्रफितींचा आधार घेण्यात आला होता. सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० च्या निर्णयात, मूळ यंत्र हजर केलेले नसल्यास इलेक्ट्रॉनिक अभिलेखाच्या प्रतीसोबत कायद्याने सांगितलेले प्रमाणपत्र आवश्यक असल्याचे स्पष्ट केले. १ जुलै २०२४ पासून ही तरतूद भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ मध्ये आहे. प्रमाणपत्रावर सही करणाऱ्याने यंत्र नीट चालत होते असे म्हणावयाचे, तर त्याचे घड्याळही नीट चालत होते काय, हे त्याला ठाऊक असावयास हवे.

पुढचाही थोडा विचार आवश्यक आहे. १९७० पासूनचे सेकंद ३२ अंकस्थानांत साठविणाऱ्या जुन्या यंत्रणांची मोजणी १९ जानेवारी २०३८ रोजी भारतीय वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी संपते. पुढच्या सेकंदाला अशी यंत्रे १९०१ सालात जाऊ शकतात. निवृत्तिवेतन किंवा दीर्घ मुदतीची कर्जे यांचे हिशेब करणाऱ्या यंत्रणांना ही तारीख आजच गाठते, कारण त्यांच्या कोष्टकांत २०३८ नंतरची वर्षे आताच येतात.

नोंदीतील वेळ ही स्वयंसिद्ध वस्तुस्थिती नसून एका घड्याळाने दिलेली साक्ष असते. साक्षीदार प्रामाणिक असूनही चुकू शकतो. म्हणून त्याची साक्ष फेटाळावयाची नसते आणि डोळे झाकून स्वीकारावयाचीही नसते. तो कोठे उभा होता, त्याचे घड्याळ कोणते आणि ते कोणी केव्हा फिरविले, हे विचारून घ्यावयाचे असते. लॉग फाईल हाताळणाऱ्या प्रत्येक कर्मचाऱ्याने एवढे तीन प्रश्न विचारण्याची सवय लावून घेतली, तर अठरा मिनिटांची चूक निरपराध कर्मचाऱ्याच्या सेवापुस्तकापर्यंत पोहोचणार नाही, आणि पुढच्या पुरात नदीकाठच्या गावांना त्यांच्या हक्काचा वेळ मिळेल.